सिग्नल ॲप रिव्ह्यू: लोकांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या टॅक्सवालीच्या टेबलावरून

हा रिव्ह्यू सिग्नल या मेसेजिंग ॲपचा आहे आणि लिहिणारी बाई सॉफ्टवेअरमधली नाही हे आधीच सांगते. मी सांगलीत इन्कम टॅक्स आणि जीएसटीचं काम करते, ऑफिस छोटं आहे, क्लायंट म्हणजे हळदीचे व्यापारी, तासगावकडचे द्राक्षवाले, थोडे डॉक्टर आणि भरपूर रिटायर्ड शिक्षक. जून-जुलै आला की माझ्या फोनवर लोकांचं अख्खं घर येऊन पडतं, पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, घराचा खरेदीदस्त, कुणाच्या आजारपणाची बिलं, कुणाला मिळणारी पोटगी. जे स्वतःच्या सख्ख्या भावाला सांगितलेलं नसतं ते मला पाठवलेलं असतं. त्यामुळे हे कागद वाटेत कोण बघू शकतं आणि पोचल्यावर कुठेकुठे पडून राहतात हा माझ्यासाठी रोजच्या धंद्याचा प्रश्न आहे, आणि मी सिग्नल त्याच एका कामासाठी वापरते. गप्पा, फॅमिली ग्रुप, गुड मॉर्निंग यासाठी ते कसं आहे ते मला विचारू नका, त्यासाठी मी वापरतच नाही.

निकाल आधीच देते: ५ पैकी साडेचार. अर्धा कशासाठी कापला ते पुढे येईलच.

आता पहिला प्रश्न जो प्रत्येक क्लायंट विचारतो, "मॅडम, व्हॉट्सॲपला पण एंड-टू-एंड आहेच की, मग हे नवीन कशाला?" एंड-टू-एंड म्हणजे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच वाचता येत नाही अशी कुलपाची सोय. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे, कारण "व्हॉट्सॲप सगळं वाचतं" असं जे लोक ठोकून देतात ते खरं नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांसाठी एंड-टू-एंड सुरू केलं आणि त्याच्या आत जो प्रोटोकॉल (कुलूप कसं लावायचं-उघडायचं याची ठरलेली पद्धत) बसवलाय तो सिग्नलवाल्यांनीच बनवलेला आहे. म्हणजे मेसेज वाटेत असताना दोन्हीकडे सारखीच भक्कम सोय. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन या दोघांनी तो प्रोटोकॉल लिहिला, आणि पुढे २०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, फेसबुक सोडून बाहेर पडल्यावर त्यांनी ५ कोटी डॉलर घालून मॉक्सीबरोबर सिग्नल फाउंडेशन उभं केलं. ज्या माणसाने व्हॉट्सॲप बनवलं त्यानेच नंतर आपले पैसे दुसऱ्या ॲपमध्ये घातले, ही गोष्ट मला तरी खूप काही सांगून जाते.

हे एंड-टू-एंड नेमकं चालतं कसं ते मी वाचून वाचून समजून घेतलं, आणि कळलं तेव्हा खरंच थक्क झाले, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. ॲप टाकलं की तुमचा फोन स्वतःच किल्ल्यांची जोडी तयार करतो, एक खाजगी, जी फोन सोडून बाहेर जात नाही, आणि एक सार्वजनिक, जी सर्व्हरवर उघड ठेवली तरी चालते, कारण तिच्यावरून खाजगी किल्ली काढणं आजच्या कॉम्प्युटरांना जमणारं गणित नाही. मग मी शिंदेकाकांना मेसेज करायला घेते तेव्हा माझा फोन काकांची सार्वजनिक किल्ली आणि माझी खाजगी किल्ली मिळून एक गुप्त आकडा काढतो, तिकडे काकांचा फोन माझी सार्वजनिक आणि त्यांची खाजगी मिळून आकडा काढतो, आणि दोन्हीकडे तोच आकडा येतो! तो आकडा स्वतः कधी इंटरनेटवरून गेलाच नाही. मध्ये बसलेला सर्व्हर, मोबाइल कंपनी, हॉटेलचं वायफाय, सगळ्यांनी सगळं बघितलं तरी त्यांच्या हाती नुसता कचरा.

काकांचा फोन बंद असेल तर? त्याची पण सोय आहे. प्रत्येक फोन आधीच एकदाच वापरायच्या सार्वजनिक किल्ल्यांचा एक साठा सर्व्हरवर ठेवून देतो, माझा फोन त्यातली एक उचलतो आणि काका झोपलेले असले तरी मेसेज कुलूपबंद होऊन निघतो. आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ती किल्ली बदलत राहते. दर मेसेजला नवी किल्ली, जुनी पुसून टाकायची, आणि दोन्ही बाजूंनी बोलणं चालू राहिलं की मधूनमधून नव्याने गुप्त आकडा काढायचा. त्यामुळे समजा उद्या कुणी एका मेसेजची किल्ली पळवली तर त्याला मागचं काही वाचता येत नाही, आणि पुढचंही थोड्या वेळात हातातून निसटतं. बँकेच्या किंवा सरकारी वेबसाइटला जे कुलपाचं चिन्ह दिसतं त्यात आणि यात हाच मोठा फरक, तिथे तुमच्यापासून त्यांच्या सर्व्हरपर्यंतच कुलूप असतं, सर्व्हरवर पोचलं की ते उघडून वाचू शकतात, इथे सर्व्हरलाच किल्ली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सिग्नलने यात अजून एक थर घातला, उद्या क्वांटम कॉम्प्युटर आले आणि आजचं गणित फुटलं तर काय, याची तयारी म्हणून. मला आधी वाटलं येवढं कशाला, पण मुद्दा असा की कुणी आजची कुलूपबंद पाकिटं नुसती साठवून ठेवली आणि पंधरा वर्षांनी उघडली तर? बँक स्टेटमेंट पंधरा वर्षांनी शिळं होईल. आजारपणाची फाइल होत नाही, आधार नंबर तर माणूस मरेपर्यंत तोच.

बरं मग दोन्हीकडे एकच प्रोटोकॉल तर फरक कशात? फरक मजकुराच्या भोवती जे असतं त्यात आहे. पत्र कितीही चिकटवून पाठवलं तरी पाकिटावर कुणाचं, कुणाला, कुठल्या पोस्टाचा शिक्का, कुठली तारीख हे दिसतंच, तसं मेसेजचं पण असतं, आणि माझ्या धंद्यात नुसत्या त्या पाकिटावरून काय काय कळतं बघा. एखादा व्यापारी रात्री ११ वाजता टॅक्सवालीला मेसेज करतो आणि लगेच वकिलाला करतो. एखादी बाई तीन महिने रोज एकाच फॅमिली कोर्टाच्या वकिलाशी बोलते. आत काय लिहिलंय हे वाचायची गरज आहे का?

व्हॉट्सॲप मजकूर वाचत नाही, पण कोणता फोन, कुठला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा नंबर), किती वेळ वापरता, ग्रुपचं नाव काय, अशी बरीच माहिती ते गोळा करतात हे त्यांच्याच पॉलिसीत लिहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये ती पॉलिसी बदलल्यावर केवढा गोंधळ झाला होता आठवत असेल, लोकांनी धडाधड सिग्नल डाउनलोड केलं, इलॉन मस्कने पण दोन शब्दांचं ट्वीट टाकलं, आणि येवढी गर्दी झाली की सिग्नलचे सर्व्हरच काही काळ बसले. खरं सांगायचं तर त्या वेळचा बदल मुख्यतः कंपन्यांशी होणाऱ्या चॅटबद्दल होता, घरच्या मेसेजचं कुलूप तसंच होतं, पण लोकांना तोपर्यंत कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. आत्तासुद्धा तुम्ही व्हॉट्सॲपवर मेटा एआयला (ॲपमध्येच असलेल्या एआय चॅटबॉटला) काही विचारलंत तर ते मेटाकडे, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीकडे जातं, ते तुमच्या आणि तुमच्या मित्रामधलं बोलणं नाही. फॉर्म १६ त्याला दाखवून "यात टॅक्स किती" असं कृपा करून विचारू नका.

सिग्नल काय ठेवतं? याचं उत्तर त्यांच्या जाहिरातीतून घ्यायची गरज नाही, कोर्टाच्या कागदात आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्यांच्याकडे दोन नंबरांची माहिती मागितली. एका नंबरचं खातंच नव्हतं. दुसऱ्याबद्दल त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं. संपलं. नाव नाही, कॉन्टॅक्ट नाहीत, ग्रुप नाहीत, कुणाशी बोलले ते नाही. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातून पुन्हा मागणी आली तेव्हाही तेच उत्तर. मला हे सगळ्यात जास्त पटलं, कारण "आम्ही तुमची माहिती सुरक्षित ठेवतो" असं प्रत्येक कंपनी म्हणते, पण जी माहिती ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही, विकली जात नाही, आणि कुणी दरडावून मागितली तरी देता येत नाही. २०१८ पासून तर पाठवणाऱ्याचं नावसुद्धा पाकिटाच्या आत टाकायची सोय त्यांनी केलीय, म्हणजे सर्व्हरला फक्त कुठे पोचवायचं तेवढंच कळतं.

टेलिग्रामबद्दल पण विचारतात लोक, त्यामुळे पटकन सांगते. टेलिग्रामचं साधं चॅट एंड-टू-एंड नाही, ग्रुप तर नाहीच, फक्त "सीक्रेट चॅट" वेगळं उघडलं तरच आहे आणि ते कुणी उघडत नाही. माझ्या ओळखीत टेलिग्रामला सगळ्यात सुरक्षित समजणारे खूप लोक आहेत आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. आपलं देशी मेसेजिंग ॲप अराताई २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदम गाजलं तेव्हा कॉलला एंड-टू-एंड होतं पण साध्या मेसेजला नव्हतं, मग नोव्हेंबरात त्यांनी आणायला सुरुवात केली, चांगली गोष्ट आहे, पण कागदपत्रांसाठी मी लगेच उडी मारणार नाही, सिग्नलचा कोड गेली कित्येक वर्षं जगभरचे अभ्यासक उघडून बघतायत, तो विश्वास एका सीझनमध्ये मिळत नाही.

आता वापरायला कसं आहे. ॲप मराठीत मिळतं, जाहिराती नाहीत, टाकायला नंबर आणि ओटीपी लागतो, मग पिन ठरवायची. हा पिन प्लीज सिरियसली घ्या, आणि सेटिंगमध्ये रजिस्ट्रेशन लॉक चालू करा, म्हणजे कुणी तुमचा ओटीपी गोड बोलून काढून घेतला तरी पिनशिवाय तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडणार नाही. फेब्रुवारी २०२४ पासून युजरनेम आलंय, मी माझं युजरनेम ऑफिसच्या पाटीवर क्यूआर करून लावलंय, क्लायंट स्कॅन करतात आणि त्यांना माझा पर्सनल नंबर दिसत नाही. एकट्या बाईने ऑफिस चालवताना हे किती बरं पडतं ते बायकांनाच कळेल.

माझ्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा असा आहे ज्याबद्दल कुणी बोलतच नाही, तो म्हणजे गॅलरी. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्ये आलेला फोटो आपोआप गॅलरीत जातो, ती सेटिंग बंद केली नसेल तर. म्हणजे काय झालं, काकूंनी आधारचा फोटो पाठवला, वाटेत कुणी बघितला नाही, एंड-टू-एंडने आपलं काम चोख केलं, आणि माझ्या फोनवर उतरल्यावर तो फोटो गॅलरीत माझ्या भाचीच्या बारशाच्या फोटोशेजारी जाऊन बसला, आणि त्या फोल्डरचं क्लाउड बॅकअप चालू असेल तर तिकडेही. मग भाची फोन घेऊन खेळते तेव्हा ती पण बघते. सिग्नलमध्ये आलेली गोष्ट सिग्नलमध्येच राहते, तुम्ही मुद्दाम सेव्ह केलीत तरच बाहेर पडते. येवढ्या एका गोष्टीसाठी मी पूर्ण एक मार्क देईन.

दुसरं, आपोआप पुसले जाणारे मेसेज. प्रत्येक क्लायंटच्या चॅटला मी ४ आठवडे लावलेत. कागद आला, मी तो ऑफिसच्या एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद ड्राइव्हवर त्यांच्या फोल्डरला टाकला, कारण हिशोबाची कागदपत्रं आम्हाला वर्षानुवर्षं ठेवावीच लागतात, आणि मग फोनवरची कॉपी दोन्हीकडून आपली आपण जाते. फोन बसमध्ये राहिला, रिपेअरला दिला, मुलाला दिला, तरी त्यात गेल्या तीन वर्षांची शंभर घरांची कागदपत्रं नसतात.

तिसरं, सेफ्टी नंबर. प्रत्येक चॅटला ६० आकड्यांचा एक नंबर असतो, दोघांच्या फोनवर तो जुळला तर मध्ये कुणी घुसलेलं नाही याची खात्री. व्हॉट्सॲपमध्ये पण आहे पण कुणी वापरत नाही. मी मोठ्या क्लायंटना ऑफिसमध्ये आल्यावर क्यूआर स्कॅन करायला लावते, चहा येईपर्यंत होऊन जातं. पुढे कधी "सेफ्टी नंबर बदलला" असं आलं तर बहुतेक वेळा त्यांनी नवीन फोन घेतलेला असतो, पण मी आधी फोन लावून आवाज ऐकते आणि मगच रिफंडच्या बँक खात्याबद्दल बोलते. खातं बदला असा मेसेज आला की हात थांबलाच पाहिजे.

आता एंड-टू-एंड कुठे काही करू शकत नाही ते पण स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर लोक निर्धास्त होतात. ते दोन टोकांच्या मधलं वाचवतं. टोकं तुमच्याच हातात. २०२० मध्ये मुंबईतल्या एका गाजलेल्या तपासात लोकांचे जुने व्हॉट्सॲप चॅट टीव्हीवर वाचून दाखवले जात होते तेव्हा सगळे म्हणायला लागले की एंड-टू-एंड खोटं आहे. कुलूप कुणी फोडलं नव्हतं. फोन तपासवाल्यांच्या हातात असला की त्याची कॉपी काढता येते, आणि त्या काळात व्हॉट्सॲपचा क्लाउडवरचा बॅकअप एंड-टू-एंड नसायचा, म्हणजे मेसेज वाटेत बंद आणि घरी पोचल्यावर माळ्यावर उघडे. बॅकअपला कुलूप लावायची सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, आणि ती आपण स्वतः चालू करायची असते. तुम्ही केलीय का?

पेगासस, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, त्याची गोष्ट पण तीच, २०१९ मध्ये जगभरातल्या साधारण १,४०० लोकांना, त्यात आपल्याकडचे पत्रकार आणि कार्यकर्तेही होते, व्हॉट्सॲप कॉलमधल्या एका त्रुटीतून गाठलं गेलं. एकदा फोनच ताब्यात गेला की स्क्रीनवर जे तुम्हाला दिसतं ते त्यांना दिसतं, मग ॲप कुठलंही असो. आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे मोठेमोठे मंत्री सिग्नलच्या ग्रुपवर हल्ल्याची चर्चा करत होते आणि त्यांनीच चुकून एका संपादकाला ग्रुपमध्ये घेतलं होतं. गणित एकदम बरोबर चाललं होतं, माणूस चुकीचा आत होता. म्हणून ऑफिसचा ग्रुप असेल तर त्यात कोण कोण आहे ते बघत चला, सोडून गेलेला असिस्टंट अजून त्यात असतो.

असंच दुसरं एक भोक म्हणजे पीडीएफचा पासवर्ड. लोकांना वाटतं ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे मग कुठेही पाठवा. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल! एआयएसच्या (इन्कम टॅक्सकडे असलेल्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या विवरणाच्या) पीडीएफला पॅन आणि जन्मतारीख. ज्याच्याकडे पॅनकार्डचा फोटो आहे त्याच्याकडे नाव, पॅन, जन्मतारीख तिन्ही आहे, म्हणजे दोन्ही फाइल उघडल्या. आणि बरेच जण पीडीएफच्या खालीच पासवर्ड लिहून पाठवतात. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि ते फुकट डाउनलोड होतं.

मग अर्धा मार्क कुठे गेला. सगळ्यात आधी, लोकच तिथे नाहीत. दहा क्लायंटना सांगितलं तर तीन-चार ॲप टाकतात, उरलेले म्हणतात मॅडम तेवढ्यासाठी अजून एक ॲप नको, फोनमध्ये जागा नाही. मी जबरदस्ती करत नाही पण समजावून सांगायचं सोडत नाही, आणि रिटायर्ड शिक्षक सगळ्यात आधी ऐकतात हा माझा अनुभव, त्यांना कारण सांगितलं की पटतं.

बॅकअपचं दुखणं मोठं होतं. कित्येक वर्षं फोन हरवला की सगळं गेलं अशीच परिस्थिती होती, कारण सर्व्हरवर काही नसतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी स्वतःचा एंड-टू-एंड बॅकअप आणायला सुरुवात केली, मजकूर आणि शेवटच्या ४५ दिवसांचे फोटो-फाइल फुकट, त्याहून जास्त हवं तर महिन्याला २ डॉलरच्या आसपास. पण त्याची ६४ अक्षरांची रिकव्हरी की आपणच जपायची, हरवली तर सिग्नलवाले पण काही करू शकत नाहीत. हे बरोबरच आहे, त्यांच्याकडे की असती तर मग एंड-टू-एंड कसलं, पण आमच्या वयाच्या क्लायंटला हे समजावणं अवघड जातं. मी त्यांना कागदावर लिहून कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवायला सांगते.

कॉम्प्युटरवरचं सिग्नल मला फोनएवढं आवडत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये त्यावर बरीच टीका झाली होती, डेटाबेसचं कुलूप आणि त्याची किल्ली दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर उघड पडलेली असायची, नंतर त्यांनी ते सुधारून किल्ली विंडोज किंवा मॅककडे सांभाळायला दिली. तरी ऑफिसचा कॉम्प्युटर म्हणजे चार जणांचा हात लागणारी वस्तू, तिथे विंडोजचा पासवर्ड आणि उठताना स्क्रीन लॉक नसेल तर सगळं व्यर्थ. लिंक केलेल्या डिव्हाइसची यादी अधूनमधून बघा, ओळखीचं नसेल ते काढून टाका, कारण खोटा क्यूआर स्कॅन करायला लावून दुसऱ्याचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडायचे प्रकार झालेले आहेत. आणि हो, खातं उघडायला अजूनही मोबाइल नंबर लागतोच, ते मला खटकतं.

कायद्याबद्दल थोडं, कारण याचा आपल्याशी थेट संबंध आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयटी नियम आले, त्यात ५० लाखांहून जास्त युजर असलेल्या मेसेजिंग ॲपने मागितल्यावर मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्यायचं असं आहे. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सरळ सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथून जाईल. सरकारची बाजू मी समजू शकते, अफवांमुळे आपल्याकडे माणसं मारली गेलीत, धुळ्यात राईनपाड्याला २०१८ मध्ये पाच जणांचा जीव गेला, ते कुणी विसरू नये. पण एकाचा मेसेज शोधायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागते, आणि ती खूण फक्त चांगल्या लोकांच्याच हाती लागेल याची हमी कोण देणार? माझं मत स्पष्ट आहे, कुलूप सगळ्यांसाठी सारखंच मजबूत पाहिजे, शिक्षकांच्या पेन्शनच्या कागदाला वेगळं आणि गुन्हेगाराला वेगळं असं गणितात करता येत नाही.

आणि माझ्यासारख्या व्यावसायिकांनी २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा एकदा वाचाच. लोकांची माहिती गोळा करून वापरणारे म्हणजे आपण पण त्यात येतो, फक्त मोठ्या कंपन्या नाहीत, आणि माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. अजून कित्येक ऑफिसात क्लायंटचे आधार सगळ्या स्टाफच्या कॉमन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले जातात, हे बघून मला फार वाईट वाटतं.

पैशाचं म्हणाल तर सिग्नल फुकट आहे, पण चालवायला फुकट नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच खर्च मांडला होता, नुसत्या ओटीपीच्या एसएमएसवर वर्षाला ६० लाख डॉलर जात होते, आणि २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटी डॉलरच्या घरात जाईल असा त्यांचा अंदाज होता. जाहिरात नाही, डेटा विकणं नाही, मग हे पैसे देणग्यांतून येतात. मी सीझन संपला की थोडे पाठवते, ऑफिसच्या खर्चात धरते. नऊ हजारांचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर आपण कुरकुर न करता घेतो, तर हे का नको.

जे क्लायंट काही केल्या सिग्नल टाकत नाहीत त्यांच्यासाठी मी व्हॉट्सॲपवरच पाच गोष्टी करून घेते, त्यांचा फोन समोर घेऊन. सेटिंगमध्ये चॅट्स, तिथे चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू. मीडिया व्हिजिबिलिटी बंद, म्हणजे फोटो गॅलरीत सांडत नाहीत. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी काही असेल तर लॉगआउट. माझ्या चॅटला डिसअपिअरिंग मेसेज ९० दिवस. पाच मिनिटांचं काम आहे, आणि काकू शेवटी हमखास विचारतात की हेच माझ्या मुलीच्या फोनवर पण करून देशील का, तर हो, घेऊन या, शनिवारी दुपारनंतर ऑफिस मोकळं असतं.